मारुतरावांनी पुकारलेलं नाव

मारुतरावांवर मी अजून चिडलेली आहे, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार चांगली वाक्यं आली, तर मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये.

समोर संमतीपत्र पडलंय. माझी मुलगी स्नेहल सतरा वर्षांची आहे, म्हणून रविवारी तिनं खेळायचं की नाही यावर पालकाची सही लागते. माझा नवरा सुजित रात्रपाळीला जाताना बूट घालता घालता म्हणाला, "तूच बघ बाई. मला त्यातलं काही कळत नाही." उद्या सकाळी दहाच्या आत कागद मोबाइल खेळाच्या कंपनीला पोचला पाहिजे. डोळा लागत नाही, म्हणून ज्या माणसामुळे ही वेळ आली त्याच्याबद्दलच लिहायला बसले.

मारुतराव तळवड्याचे. पिढ्यान् पिढ्यांची शेती. त्यातली काही कारखान्यांच्या शेडखाली गेली, काही रस्त्यात. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी बारा खोल्या काढून भाड्यानं दिल्या. लग्नानंतर आम्ही औशाहून इकडे आलो, तेव्हा शेवटची खोली आमची होती. स्नेहल तिथंच झाली. बारशाला बायका पाळण्याशी वाकून तिच्या कानात नाव सांगत होत्या, तर हे दारातूनच ओरडले, "आवं मोठ्यानं घ्या की नाव! पोरगी झालीय, चोरी न्हाई केली." त्यांच्या बायकोनं, आक्काबाईंनी, कपाळावर हात मारला होता.

आवाज हीच त्यांची ओळख. ते बैलगाडा शर्यतीचे निवेदक. चाकण, चिखली, खेड, जुन्नर, जिथं जत्रा तिथं मारुतराव. ज्यांनी शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: घाट म्हणजे चढाची धावपट्टी. एका वेळी एकच गाडा पळतो, घड्याळाशी. त्या एका पळण्याला बारी म्हणतात. सगळा खेळ दहा-बारा सेकंदांचा. पण त्या सेकंदांच्या आधी आणि नंतर भोंग्यावर जे चालतं, ते मारुतरावांचं राज्य. गाडामालकाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आजोबा वारले असतील तर त्यांच्या स्मरणार्थ, गाव, तालुका, आणि जोडीतला एखादा बैल कुणी मैत्रीखातर दिला असेल तर त्याचंही सगळं नावगाव. एकदा कान्हे फाट्याकडच्या कुणाचं नाव त्यांच्याकडून राहून गेलं. तो माणूस तीन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. यांच्या मुलीच्या लग्नाला आला आणि न जेवता परत गेला. "बिननावाचा गाडा म्या घाटात सोडीत न्हाई," असं ते तेव्हापासून म्हणतात. सांगताना छाती पुढे येते.

शर्यती कोर्टानं बंद केल्या होत्या त्या वर्षांत त्यांनी लग्नात पंगतीच्या सूचना दिल्या, कंपन्यांमध्ये खंडेनवमीला सत्काराची नावं वाचली. आम्ही तोवर थेरगावला राहायला आलो होतो. भेट झाली की म्हणायचे, "दीपमालाताई, तोंडाला गंज चढला बगा." शर्यती सुरू झाल्या तसा गंज उतरला. पण खरं नाव झालं ते गेल्या वर्षी, आणि तेही बैलांमुळे नाही.

त्यांचा पुतण्या जयदीप ओट्यावर बसून मोबाइलवर 'शिकारगड' खेळत होता. हा खेळ आता शेंबड्या पोरापासून सगळ्यांना माहीत आहे: शंभर जण एका बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात, शेवटी उरेल तो जिंकतो. मारुतराव मागं उभे राहून बघत होते. राहवलं नाही, सुरू झाले. "आलाऽऽ आला, डाव्या अंगानं आला, झाडीत दबा धरला, निशाण पडलं, भिर्रर्र… झाला! झाला पार!" जयदीपनं ते चोरून टिपलं आणि टाकून दिलं. आठवड्याभरात सलूनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, वर्गात, जिथं तिथं पोरं "भिर्रर्र" करायला लागली. खेळाच्या कंपनीची माणसं गाडी घेऊन तळवड्यात आली आणि मारुतरावांना फेट्यासह निवेदनाला घेऊन गेली.

त्याच सुमारास हिंदीतल्या एका मोठ्या नटाचा चेहरा खेळातल्या एका शिकाऱ्याला दिला गेला. झालं, डांगे चौकात त्याचे फ्लेक्स, पोरांच्या डोक्यावर त्याच्यासारखे केस. टीव्हीवर रोज भांडण: या खेळानं पिढी नासली की नाही? एका संघटनेनं फ्लेक्सला काळं फासलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुप्पट मोठा फ्लेक्स. जितकी ओरड होई तितके खेळणारे वाढत. खेळ बंद करावा म्हणून आमच्या सोसायटीनं निवेदन दिलं, त्यावर माझी चौथी सही आहे. सही केली तेव्हा आतल्या खोलीत स्नेहल तोच खेळ खेळत होती आणि मला ते माहीत होतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या दोघींचा करार होता. बारावीचा अभ्यास आधी, आणि खेळात खरं नाव कुठंही यायचं नाही. तिनं 'कडीपत्ता' हे नाव घेतलं. मी विचारलं, "हे काय गं नाव?"

"सगळ्या भाजीत असतो आणि सगळे ताटाच्या कडेला काढून ठेवतात. माझ्याकडं कुणी लक्ष देत नाही आई. तोवर मी पोचलेली असते."

मला हसू आलं होतं. कडेला राहणं मुलीला सुरक्षित असतं, असं माझं मत. तिचं तसं नव्हतं, हे नंतर कळलं.

गेल्या महिन्यात चिंचवडच्या एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. तो नट येणार, त्याचा संघ शहरातल्या वरच्या खेळाडूंशी खेळणार. स्नेहलची निवड झाली. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, मास्क लावते, टोपी घालते, टोपीवर 'कडीपत्ता' एवढंच असेल. मी प्रेक्षकांत बसले. शिट्ट्या, किंकाळ्या, नटाचं नाव घेऊन रडणाऱ्या मुली. आणि स्टेजच्या कडेला फेटा बांधून, हातात माइक धरून मारुतराव.

त्यांनी तिला ओळखलं. मास्क होता, टोपी होती, पण स्नेहलला एक सवय आहे. खुर्चीवर बसली तरी एक पाय खाली दुमडून घेते. लहानपणी त्यांच्या ओट्यावर ती तशीच बसायची.

नटाचा शिकारी बेटावर उतरला तेव्हा हॉल दणाणला. तीन-चार मिनिटं झाली असतील. तो एका पाण्याच्या टाकीजवळून वळला आणि पडला. मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: कडीपत्त्यानं टिपला. हॉलमधल्या किंकाळ्या थांबल्या. आणि त्या शांततेत मारुतरावांनी तोंड उघडलं.

"पडलाऽऽ! हिरो पडला! आन् ह्यो कडीपत्ता म्हंजी कोन, मंडळी? मूळ गाव औसा, सध्या मुक्काम थेरगाव, सुजित विठ्ठल बिडवे यांची कन्या, आमच्या तळवड्याच्या खोलीत जन्मलेली, कुमारी स्नेहल सुजित बिडवे! टाळ्याऽऽ!"

टाळ्या वाजल्या नाहीत. स्नेहलनं मान वर करून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. नट हसला, त्यानं स्वतः दोन टाळ्या वाजवल्या. तो माणूस वाईट वागला असं मी म्हणणार नाही. पण लाखो लोक फोनवर ते थेट बघत होते, आणि ते हसले नाहीत.

चिंचवडहून थेरगाव किती लांब आहे? रिक्षातून उतरेपर्यंत तिच्या फोनवर साडेतीनशे निरोप आले होते. हॅकर. चोरटी. खोटं सॉफ्टवेअर वापरून मारलं. याच्या पुढचं लिहवत नाही. दुसऱ्या दिवशी तिचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो फिरायला लागला. तिसऱ्या दिवशी सुजितच्या बसमध्ये कुणीतरी म्हणालं, "बिडवे, पोरगी लय फेमस झाली राव," आणि सगळे हसले. सुजित घरी येऊन न जेवता झोपला. खेळाच्या कंपनीनं एक ओळ टाकली: चौकशी चालू आहे. ती ओळ शिव्यांपेक्षा वाईट होती. स्नेहल कॉलेजला जाईना. आंघोळीला गेली तरी फोन घेऊन जायची.

मी तळवड्याला गेले. मारुतराव ओट्यावरच होते, आक्काबाई लसूण सोलत होत्या. मला बघून ते उठले. "या या, दीपमालाताई! काय पोरगी हाय वो! एका गोळीत…"

"का घेतलंत तिचं नाव?"

ते गोंधळले. "मंग काय म्हनायचं व्हतं? भाजीतल्या पाल्यानं मारला म्हनू? एवढा मोठा गडी पाडला पोरीनं, आन् तिचं नाव घ्यायचं न्हाई?"

"तिनं लपवलं होतं ना! मास्क कशाला लावला होता मग?"

"मला वाटलं खोकला आसंल."

आक्काबाई लसणातून मान वर न करता म्हणाल्या, "तरी मी म्हनत व्हते. नरड्याला कुलूप घाला म्हनून."

"तू गप गं." मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून समजावत ते म्हणाले, "ताई, तुमाला ठावं न्हाई. भोंग्यावरनं ज्याचं नाव पुकारलं, त्याच्याकडं कोन वाकडं बगत न्हाई. सगळ्या घाटाला कळतं, ही कुनाची, कुठली. पाठीशी गाव हाय, बाप हाय, आमी हाय. बिननावाच्यालाच लोक तुडवत्यात."

"हा घाट नाही मारुतराव! घाटावर शिवी देणाऱ्याचं तोंड दिसतं."

मी फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. सवयीनं थोडं मोठ्यानं. दुसऱ्याच ओळीला आवाज बंद झाला. बरेच निरोप त्यांनी वाचले. आक्काबाईंनी विचारलं, "काय लिवलंय?" तर म्हणाले, "तुजं काम न्हाई." मग मला विचारलं, "ह्यात लिवनाऱ्याचं नाव कुठंय?"

"नसतंच."

"कुनाचंच न्हाई?"

"कुणाचंच नाही."

त्यांनी फोन परत दिला आणि हात धोतराला पुसले. मी चहा न घेता निघाले. सांगायला हरकत नाही, त्यांचा पडलेला चेहरा पाहून मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयदीपच्या चॅनेलवर मारुतराव आले. फेटा नव्हता. म्हणाले, "चूक माजी हाय. पोरीला न इचारता तिचं नाव म्या घेतलं. ज्याला कुनाला शिव्या द्यायच्यात त्यानं मला द्याव्या. ह्यो माजा नंबर. फकस्त आधी आपलं नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, गाव सांगायचं. मंग काय ते बोला, म्या सगळं ऐकतो."

मी कपाळाला हात लावला. एक चूक निस्तरायला दुसरी. पण स्नेहल तो व्हिडिओ बघत उभी होती आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द आला, "वेडेच आहेत मारुती आजोबा." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या फोनवरचे निरोप निम्म्यावर आले. गर्दीला नवं माणूस मिळालं होतं.

दोन दिवसांनी तिनंच हट्ट धरला, त्यांना भेटायचं. आम्ही गेलो तर ओट्यावर दरबार भरलेला. खोल्यांतली भाडेकरू पोरं गोळा झालेली, मध्ये मारुतराव, कानाला फोन. "हां, बोला. नाव? …आवं शिव्या मागनं, आधी नाव. …कट केला भडव्यानं." पोरं हसत होती. लगेच पुन्हा वाजला. "नाव? …वडलांचं? …त्यांना ठावं हाय का, तुमी फोन केलाय? …हॅलो? हॅलो?" एकानं मात्र नाव-गाव सगळं सांगितलं. तो बार्शीकडचा निघाला आणि त्याच्या चुलत्याकडे खिलार बैल होते. शिव्या राहिल्या बाजूला, वीस मिनिटं बैलांचीच चौकशी झाली. आक्काबाई आतून ओरडल्या, "आता त्याला जेवायलाच बोलवा!"

मग मारुतराव पानावर बसायला आत गेले आणि फोन ओट्यावरच राहिला. वाजला. मी उचलला. का उचलला ते माहीत नाही. बारीक आवाज, अजून फुटलेलाही नसेल. त्यानं एक घाण शिवी दिली, पाठ केल्यासारखी. त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, दमलेला, कुकरच्या शिट्टीवरून ओरडणारा, "अरे जेवायला ये की, किती वेळ झाला, अभ्यास पुरे आता!"

मी म्हटलं, "जा बाळा, आई बोलावतेय." त्यानं फोन ठेवला.

तेव्हापासून त्या बाईचा आवाज माझ्या कानातून जात नाही. ती तिथं समजतेय की पोरगा अभ्यास करतोय. मी तिला ओळखत नाही, पण निवेदनावर सही करताना मी जशी होते तशीच ती असणार.

या सोमवारी कंपनीचा माणूस घरी आला. गोड बोलणारा, तिशीचा. चौकशीत काही सापडलं नाही म्हणाला, पण तसं जाहीर मात्र केलेलं नाही. "मॅडम, नुसतं सांगून लोक विश्वास ठेवत नाहीत. रविवारी स्टेजवर पुन्हा खेळू दे. आमच्या फोनवर, सगळ्यांसमोर. सर पण येणार आहेत." सर म्हणजे तो नट. आणि मग बॅगेतून फ्लेक्सचा नमुना काढला: अर्ध्या बाजूला नट, अर्ध्या बाजूला माझ्या मुलीचा कॉलेजचा फोटो. मध्ये वीज चमकतेय.

या भांडणाचा यांना तोटा नाहीच. हे भांडण म्हणजेच यांचं पीक.

हाच माणूस आमच्याकडे येण्याआधी मारुतरावांकडे गेला होता. घाटावर वेळेचा वाद झाला की बारी पुन्हा पळवतात, हे त्यांना पटण्यासारखं होतं. पण त्यांनी विचारलं, "पोरीला इचारलं का?" तो म्हणाला, तुम्ही फक्त बोलायचं काम करा. त्यावर मारुतराव म्हणाले, "मालकाच्या मनात नसंल तर बैलाचं कासरं कुनी धरत न्हाई. तुमी आधी तिला इचारा, मंग माज्याकडं या." कंपनीनं त्यांच्या जागी मुंबईचा कुणीतरी तरुण निवेदक ठरवून टाकला. हे सगळं जयदीपनं सांगितलं. मारुतरावांनी चकार शब्द काढला नाही.

मला वाटलं, चला, सुटलो. स्नेहल नाहीच म्हणणार. आज संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं, "त्या माणसाला उद्या नाही म्हणून कळवते."

"मी खेळणार आहे."

लाटणं थांबलं. "कशाला? कुणाला दाखवायचंय?"

"नाही खेळले तर सगळे म्हणतील खरंच हॅकर होती."

"म्हणू दे की. चार महिन्यांनी विसरतील."

"ते विसरतील आई. मी कशी विसरू?" तिनं तव्यावरची पोळी उलटली, मी विसरले होते. "दोन अटी आहेत माझ्या. तो फ्लेक्स नाही लावायचा. आणि निवेदनाला मारुती आजोबा पाहिजेत."

"अगं त्यांनीच तर सगळं केलं!"

"हो. चूक त्यांनी केली आणि मग फोनही त्यांनीच उचलले. दुसऱ्या कुणी उचलले? कंपनीनं? त्या हिरोनं?" मग माझ्याकडे न बघता, "तू तरी कॉलेजमध्ये जाऊन भांडलीस का?"

नव्हते भांडले. मी तळवड्याला भांडायला गेले, कारण तिथं भांडणं सोपं होतं. तिथं समोर ओळखीचा म्हातारा माणूस होता.

तिनं मारुतरावांना माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर. "आजोबा, येणार का?"

"तू खेळनार व्हय?"

"हो."

"कुनी भरीला तर न्हाई घातलं?"

"नाही."

"मंग येतो. पर नाव कुठलं घेऊ? पाला का पूर्ण?"

स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझं उत्तर नको होतं, ती नुसतं बघत होती मी काय करते ते. "पूर्ण घ्या," ती म्हणाली. "पण या वेळी आईचं पण घ्या."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज. "आईचं नाव घाटावर कदी घेतलं न्हाई म्या. बसंल का न्हाई जिभंवर, बगतो."

अटी कळवल्यावर कंपनीनं अर्ध्या तासात मारुतरावांपुरता होकार दिला. फ्लेक्सबद्दल मात्र 'बघतो' एवढंच.

म्हणून मी आता कागदाच्या खाली, छापील ओळींच्या बाहेर, माझ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. मुलीचा फोटो कुठल्याही फलकावर वापरायचा नाही. चौकशीत काही सापडलं नाही, हे खेळ सुरू होण्याआधी स्टेजवरून जाहीर करायचं. आणि तिच्या खुर्चीला लागून पालकासाठी एक खुर्ची. ते मान्य करतील का, माहीत नाही. मान्य करून रविवारी पाळतील का, तेही माहीत नाही. ती हरली तर हेच लोक म्हणतील, बघा, पकडली गेली. जिंकली तर दुसरं काहीतरी काढतील. मी हे दहा बाजूंनी फिरवून पाहिलं, सुरक्षित बाजू कुठंच सापडत नाही. कॉलेजमध्येही उद्या जायचं ठरवलंय. प्राचार्यांना काय बोलायचं ते मनात जुळवतेय आणि दर वेळी पहिल्या वाक्यालाच अडखळतेय.

सही केली. उद्या दहापर्यंत मन फिरू नये म्हणून आत्ताच फोटो काढून पाठवून दिला. पाठवल्यावर लक्षात आलं, तारीख घालायची राहिली.